दवाखाना जवळचा, पण सुरक्षित किती?

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींमध्ये काठियावाडातील एक हकिगत नोंदवून ठेवली आहे. १९२९ सालची. अस्पृश्यांच्या शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. सवर्ण डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. गावातील वजनदार माणसांनी शब्द टाकला, फीचे दोन रुपये ठरले, तेव्हा तो आला. पण बाळंतिणीला तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणले तरच बघेन, या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया झाल्याचे सांगितले, औषध दिले आणि निघून गेला. पुन्हा बोलावल्यावर तो आलाच नाही. ती बाई गेली.

ही हकिगत आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. पण आरोग्याच्या पानावर ती आणखी एका अंगाने वाचायला हवी. त्या दिवशी कागदोपत्री काय झाले? डॉक्टर आला, ताप मोजला, निदान केले, औषध दिले, फी घेतली. म्हणजे ‘सेवा’ मिळाली. फक्त नाडी पाहिली गेली नाही, छाती तपासली गेली नाही, दुसऱ्या दिवशी कोणी फिरकले नाही. सेवा मिळणे आणि सुरक्षित, चांगली सेवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतरात माणसे मरतात.

आज गावागावात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र आहे. दवाखाना नाही, ही तक्रार बऱ्याच ठिकाणी जुनी झाली. आता विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या दाराशी असलेला दवाखाना सुरक्षित आहे का?

चूक मोठ्या दवाखान्यातच होते असे नाही

रुग्णसुरक्षा म्हटले की डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येते. पण उपचार घेताना होणारी इजा प्राथमिक पातळीवरही मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्राथमिक आणि बाह्यरुग्ण सेवेत दहांपैकी चार रुग्णांपर्यंत इजा होऊ शकते, आणि त्यातील ८० टक्क्यांपर्यंत इजा टाळता येण्यासारखी असते. म्हणूनच २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

ही इजा कशी होते? चुकीची गोळी दिली जाते. लहान मुलाला मोठ्याचा डोस जातो. रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे हे कोणी विचारत नाही. रक्तदाब न मोजताच गरोदर बाईला घरी पाठवले जाते. न धुतलेल्या हातांनी टाके घातले जातात. वरच्या दवाखान्यात पाठवताना सोबत चिठ्ठी दिली जात नाही, मग तिथे सगळे पहिल्यापासून सुरू होते आणि तासभर वाया जातो. यांतील एकही चूक बातमी होत नाही. माणूस दगावला तर ‘नशीब’ म्हणून विषय मिटतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हा प्रश्न छोटा नाही. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, एका टोकाला अकोल्याचा डोंगरी आदिवासी भाग, दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डीचा कोरडवाहू पट्टा. सरकारी निकषांप्रमाणे सपाटीवर ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र असावे लागते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो थेट नगर-पुणे गाठतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला पहिले आणि अनेकदा शेवटचे दारही हेच. शेतमजूर, ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरची माणसे, सफाई कामगार यांच्या जिवाची जबाबदारी या केंद्रावर आहे. म्हणून तिथल्या गुणवत्तेचा प्रश्न हा आपल्या समाजाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

जामखेडने जगाला काय शिकवले

या बाबतीत आपल्याला उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला.

हे केले कोणी? सुरुवातीला शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या, पण बाहेरून आलेल्या बाईचे गावात जमेना. मग गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या, आणि अनेक जणी दलित वस्तीतील होत्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जायचा, त्यांच्या हातून गावातील बाळंतपणे होऊ लागली.

हे सहज घडले नाही. प्रशिक्षणाला आलेल्या बायका पहिल्यांदा एकमेकींजवळ बसायला, एकत्र जेवायला तयार नव्हत्या. त्यांना एकत्र स्वयंपाक करायला, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायला लावले गेले. गावात पाण्यासाठी हातपंप बसवायचे ठरले तेव्हा आरोळ्यांनी ते दलित वस्तीत खोदून घेतले. सवर्णांना पाणी हवे असेल तर वस्तीत यावे लागे. तहान लागली की शिवाशिव किती दिवस टिकते, हे गावाने पाहिले.

आता यातला आरोग्याचा मुद्दा बघा. त्या काळी नाळ कापायला विळा किंवा गंजके पाते वापरत आणि नाळेवर शेण-राख लावत. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. आरोग्यसेविकांनी हात धुणे, निर्जंतुक पाते, स्वच्छ दोरा आणि गरोदरपणातील धनुर्वाताची लस एवढ्याच गोष्टी न चुकता केल्या. त्या नियमितपणे जामखेडला जमत, गावात कोण जन्मले, कोण आजारी पडले, कोण दगावले आणि का, याची चर्चा करत, नवीन शिकून परत जात. आज ज्याला मोठ्या शब्दांत ‘गुणवत्ता मानके’ आणि ‘मृत्यूंचे विश्लेषण’ म्हणतात, ते हेच. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचा धडा आपल्या कामाचा आहे. महागडे यंत्र येईपर्यंत सुरक्षितता थांबत नाही. ती ठरलेली साधी गोष्ट दर वेळी, दर रुग्णासाठी, त्याची जात न बघता करण्यात आहे.

मानके काय सांगतात

सरकारी रुग्णालयांसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आणली. दवाखान्यात याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनक्वास’ म्हणतात. पुढे ती प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी आणि उपकेंद्रांसाठीही तयार झाली. त्यांत आठ बाबी तपासतात: कोणत्या सेवा मिळतात, रुग्णांचे हक्क, साधने व मनुष्यबळ, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्गावर नियंत्रण, गुणवत्तेचे व्यवस्थापन आणि शेवटी परिणाम. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. पूर्ण पालन असेल तर दोन, अर्धवट असेल तर एक, नसेल तर शून्य. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते आणि मधल्या काळातही पाहणी होते. याशिवाय २०१५ पासून स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार आहे.

यातील दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, गुण देताना तपासणी पथक चार प्रकारे खात्री करते: डोळ्यांनी पाहून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी तपासून आणि रुग्णांना विचारून. म्हणजे तुमचे उत्तर हा पुरावा आहे. तपासणीच्या दिवशी ‘सगळं चांगलं आहे साहेब’ म्हणून सुटका करून घेतली तर आपणच आपल्या दवाखान्याला खोटे गुण देतो.

दुसरी, रुग्णांच्या हक्कांच्या भागात स्पष्ट म्हटले आहे की आर्थिक, सांस्कृतिक किंवा सामाजिक कारणाने सेवेत अडथळा येता कामा नये, आणि रुग्णाची प्रतिष्ठा व खासगीपणा राखला गेला पाहिजे. दुरून गोळ्या टाकणे, आशाताईंनी किंवा परिचारिकेने वस्तीत यायचे टाळणे, बाळंतिणीला घालून पाडून बोलणे हा केवळ उद्धटपणा नाही. तो मानकांचा भंग आहे आणि त्याचे गुण कापले जायला हवेत.

चूक झाली की धरायचे कोणाला?

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पल्स पोलिओच्या बूथवर १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना रुग्णालयात हलवले आणि सुदैवाने ती बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले.

निलंबनाने लोकांचा राग शांत होतो. पण पुढच्या मोहिमेत तीच चूक दुसऱ्या बूथवर होणार नाही, याची हमी निलंबनातून मिळत नाही. ती मिळते वेगळ्या प्रश्नांतून. सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर का होते? थेंब देण्यापूर्वी कुपीवरचे नाव वाचून दुसऱ्याला ऐकवायची पद्धत होती का? देखरेख करणारा कुठे होता? माणूस चुकणार, हे गृहीत धरून त्याची चूक रुग्णापर्यंत पोहोचू न देणारी व्यवस्था उभी करणे, याला रुग्णसुरक्षा म्हणतात.

आपल्या नगरची जखम तर अजून ओली आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. जिल्हा रुग्णालयातील कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्णांचा जीव गेला. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली होती. म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. नगरच्या घटनेनंतर एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. हलगर्जीपणा करणाऱ्याला जबाबदार धरलेच पाहिजे, यात दुमत नाही. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा आणि तिचा निधी या गोष्टी रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हातात नसतात. खाली असलेल्याला पकडायचे आणि वरच्याने सुटायचे, हा अन्याय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. तो दवाखान्यात होताना आपण टाळ्या वाजवू नयेत.

हा धडा प्राथमिक केंद्रालाही लागू आहे. भिंतीवरचा अग्निशामक कधी भरला होता त्याची तारीख त्याच्यावर असते. ती वाचायला डॉक्टर व्हावे लागत नाही.

बाळंतपणाची खोली

प्राथमिक केंद्रातील सर्वांत जोखमीची जागा म्हणजे प्रसूतिगृह. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण. तो टाळण्यासाठी बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे असते. पण हे औषध थंड जागेत, २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वीज गेली, फ्रिज बंद पडला, कुपी उन्हाळाभर टेबलावर राहिली, तर इंजेक्शन दिल्याची नोंद होते, पण औषधात दम राहत नाही. थर्मामीटरच्या त्या गोष्टीसारखेच: कागदावर सेवा पूर्ण, प्रत्यक्षात अपुरी.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित बाळंतपणासाठी एक तपासणी यादी केली आहे. तिचा पहिला प्रयोग शेजारच्या कर्नाटकात झाला. तिथे एका प्रसूती केंद्रात २९ आवश्यक गोष्टींपैकी सरासरी १० च केल्या जात होत्या. यादी आल्यावर त्या २५ वर गेल्या. नंतर उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर मोठा अभ्यास झाला. तिथेही कर्मचाऱ्यांचे काम सुधारले, पण माता आणि बालकांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. याचा अर्थ यादी निरुपयोगी आहे असा नाही. यादीसोबत पुरेशी माणसे, औषधे, रक्त आणि वेळेवर गाडी नसेल तर नुसत्या खुणा करून जीव वाचत नाहीत, एवढा तो अर्थ आहे. म्हणून केंद्राला प्रमाणपत्र मिळाले की टाळी वाजवा, पण डॉक्टरची जागा रिकामी असेल तर तीही विचारा.

आपल्या दक्षिण भागातून कोयत्यावर जाणाऱ्या बायकांचा वेगळा विचार हवा. सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या फडावर. तपासण्या इथे, बाळंतपण तिथे. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड हीच तिची आरोग्याची वही. रक्तगट, रक्तदाब, हिमोग्लोबिन, आधीचे सिझर, सगळे त्यात लिहून घेऊनच गाव सोडावे. ते कार्ड पेटीच्या तळाशी न ठेवता बाईच्या हाताशी असावे.

कचरा उचलणारे हात

दवाखान्याच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना एक माणूस नेहमी विसरला जातो. तो म्हणजे सफाई कामगार. तो बहुतेक वेळा कोणत्या समाजाचा असतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. प्लास्टिकच्या नळ्या आणि सुईविना सिरिंज लाल पिशवीत. रक्ताचे बोळे, वार वगैरे पिवळ्या पिशवीत. काच निळ्या खोक्यात टाकायची असते. हे वर्गीकरण कचरा जिथे तयार होतो तिथेच, म्हणजे इंजेक्शन देणाऱ्यानेच करायचे असते. तसे झाले नाही की सुई साध्या कचऱ्यात जाते आणि झाडणाऱ्या बाईच्या बोटात शिरते. त्यातून कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते.

याच नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे, हातमोजे, बूट, मास्क पुरवणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. कामगार कंत्राटी असला तरीही. आपल्या घरातील कोणी असे काम करत असेल तर आज रात्रीच विचारा: कावीळ बची तीनही इंजेक्शने झाली का? आणि सुई टोचलीच, तर जखम दाबू नये, साबण-पाण्याने धुवावी, ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ‘नोकरी जाईल’ या भीतीने लपवू नये.

केंद्रात गेल्यावर एवढे पाहा

• दर्शनी भागात सेवांची, मोफत औषधांची यादी आणि तक्रारीसाठीचा क्रमांक लावला आहे का?

• तपासण्याआधी डॉक्टर किंवा परिचारिका हात धुतात का? साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात.

• इंजेक्शनची सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली का? गोळीने काम होत असेल तर सुई-सलाईनचा हट्ट आपणही धरू नये.

• चिठ्ठीवरचे आणि हातात आलेले औषध एकच आहे का? मुदत संपण्याची तारीख पाहा. गोळी केव्हा, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे विचारून स्वतः बोलून दाखवा.

• पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज, धाप आली असेल तर न विचारताही सांगा.

• बाळाच्या लसीच्या वेळी: कुपी फोडल्याची वेळ लिहिली आहे का? गोवर-रुबेला आणि बीसीजीची लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांनंतर वापरायची नसते. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

• सर्पदंशाची आणि कुत्रा चावल्यावरची लस सध्या शिल्लक आहे का? ही चौकशी साप चावण्यापूर्वी करायची असते.

• वरच्या दवाखान्यात पाठवले तर काय आजार वाटतो, काय औषध दिले, किती वाजता दिले, हे लिहिलेली चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. गाडीसाठी १०८.

बोलायचे कुठे?

तक्रार आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, लेखी, पोच घेऊन. मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. १०४ हा आरोग्य सल्ला आणि तक्रारीचा क्रमांक आहे. प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात का, त्यात आपल्या वस्तीचे कोणी आहे का, हे ग्रामसभेत विचारा. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम चालला. गावकऱ्यांनी केंद्राला प्रगतिपुस्तक दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोर बसवून उत्तरे घेतली. ते आपल्या गावातही करता येते.

आणि जातीवरून दारातच अडवले, तर तो केवळ तक्रारवहीचा विषय राहत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांत प्रवेशाला अडथळा आणणे हा गुन्हा ठरवला आहे. ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ हे शब्द त्या कलमात नाव घेऊन लिहिलेले आहेत. काठियावाडातील त्या शिक्षकाच्या हातात असे कलम नव्हते. आपल्या हातात आहे.

मात्र कायदा आणि मानके दोन्ही कपाटात पडून राहिली तर उपयोग नाही. येत्या महिन्यात वस्तीतील चार-पाच बायका-पुरुषांनी मिळून आपल्या केंद्रात जावे. भांडायला जाऊ नये, पाहायला जावे. वरची यादी सोबत न्यावी. जे चांगले आहे ते परिचारिकेला, आशाताईंना तोंडावर सांगावे. अपुऱ्या माणसांत राबणाऱ्या त्या बहुतेक जणी आपल्यातल्याच आहेत. जे नाही ते लिहून द्यावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. पहिल्या खेपेला कोणी लक्ष देणार नाही. तिसऱ्या खेपेला तुमच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली जाईल. तोवर फ्रिजचे तापमानही रोज लिहिले जाऊ लागलेले असेल.